टाकळ्याचं बी आणि गजकर्णाचं कडं

पावसाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की कोकणात रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, अगदी एसटी स्टँडच्या मागेसुद्धा टाकळा उगवतो. घाटावरही उगवतो, गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात. कोवळा असेपर्यंत त्याची भाजी करायची. श्रावण उलटला की पानं जून होतात, उग्र वास मारायला लागतात, पिवळी फुलं येतात आणि दिवाळीच्या सुमारास वीतभर लांबीच्या वाकड्या शेंगा वाळून तडकतात. त्या शेंगांतलं बी माझी आजी पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. घरात कुणाला गजकर्ण उठलं की मूठभर बी आंबट ताकात भिजत घालायचं, दुसऱ्या दिवशी पाट्यावर वाटायचं आणि त्या गोल कड्यावर लेप द्यायचा. ताक नसेल तर लिंबाचा रस.

संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात. चक्र म्हणजे गजकर्णाचं गोल कडं आणि ते चिरडणारा तो चक्रमर्द. त्याचं दुसरं नाव दद्रुघ्न. दद्रु म्हणजे नायटा, हिंदीतली 'दाद' त्यातूनच आली. ज्या झाडाच्या नावातच रोगाचं नाव आहे, त्याच्याकडे माणसं किती शतकं औषध म्हणून पाहत आली असतील याचा अंदाज यावरून येतो.

मग टाकळ्याने गजकर्ण बरं होतं का? मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो ते काहीसं या एका प्रश्नापायी. या लेखात त्याचं उत्तर सावकाश देतो, कारण टाकळ्याला लागू पडतं तेच कडुनिंब, हळद, लसूण, ओवा, मेंदी अशा सगळ्यांना लागू पडतं. रोज मोबाइलवर 'हा पाला लावा, फंगल इन्फेक्शन मुळासकट जाईल' असे संदेश येत असतात. ते वाचताना नेमकं काय विचारायचं हे आपल्याला कळायला हवं.

कडं गोल का असतं

गजकर्ण म्हणजे कातडीत वाढणारी बुरशी. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात केरॅटिन नावाचं चिवट प्रथिन ठासून भरलेलं असतं. नखं आणि केसही त्याचेच. बहुतेक जिवांना केरॅटिन पचत नाही, या बुरशीला पचतं. ती एका ठिकाणी रुजते आणि पावावरची बुरशी पसरते तशी सगळ्या बाजूंनी सारख्या वेगाने बाहेर सरकते. शरीर तिच्याशी झगडत असतं, त्यामुळे मधली जागा थोडी निवळते, पण कडेला नवी बुरशी पुढे जात असते. म्हणून लाल, खवलेदार, खाजरी कडा आणि मधे बरी झाल्यासारखी दिसणारी कातडी. ही मधली कातडी फसवी असते, तिथेही बुरशी शिल्लक असू शकते.

भातलावणीत पायाच्या बोटांत होणाऱ्या चिखल्यांतही बऱ्याचदा याच जातीची बुरशी असते. छाती-पाठीवर उठणारी शिबं मात्र वेगळ्या बुरशीची. तिचं नाव मालासेझिया आणि ती चरबीवर जगते. तोंडात किंवा योनीमार्गात पांढरा थर धरणारी कॅन्डिडा आणखी वेगळी. 'फंगल इन्फेक्शन' हा एक शब्द आपण या सगळ्यांना वापरतो, पण एकीला मारणारं औषध दुसरीला मारेलच असं नाही. शिबं आली म्हणून अंगाला तेल चोपडलं तर मालासेझियाला आयतं जेवण मिळतं. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असते तेव्हा खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात, यावरून काय ते समजा.

बुरशीला मारणं अवघड का, हेही इथेच सांगतो. बुरशी ना वनस्पती, ना जिवाणू. वंशावळ पाहिली तर ती प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याच अधिक जवळची आहे. जिवाणूंची पेशी आपल्या पेशीपेक्षा इतकी निराळी असते की पेनिसिलिन तिच्या भिंतीवर घाव घालतं आणि आपल्याला धक्का लागत नाही. बुरशीच्या बाबतीत असे घाव घालण्याचे फरक मोजकेच सापडतात. तिच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं, तिथे आपल्याकडे कोलेस्टेरॉल. तिला कायटिन आणि ग्लुकान यांची भिंत असते, आपल्याला भिंतच नाही. आजची जवळजवळ सगळी प्रमाण औषधं या दोन जागांवरच नेम धरतात. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल आणि टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी अडसर घालतात. अ‍ॅम्फोटेरिसिन तयार एर्गोस्टेरॉललाच चिकटून पडदा खिळखिळा करतं. तेच किडन्यांनाही त्रास देतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत ज्यांच्या घरात ही इंजेक्शनं लागली, त्यांना हे सांगायला नको.

झाडांकडे ही विद्या आली कुठून

द्राक्षबागायतदाराला विचारा, झाडाचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? तो भुरीचं नाव घेईल. गहूवाला तांबेरा म्हणेल, भातवाला करपा. माणसाला बहुतेक संसर्गाचे आजार जिवाणू-विषाणूंमुळे होतात, वनस्पतींना मात्र सर्वांत जास्त छळणारी जमात बुरशीची. झाडाला पळता येत नाही आणि त्याच्या अंगात आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी फिरत नाहीत. म्हणून ते रसायनं बनवतं. काही आधीपासून साठवून ठेवतं, काही हल्ला झाल्यावर तयार करतं. द्राक्षाच्या पानावर बुरशी चढली की ते रेस्व्हेराट्रॉल बनवायला लागतं. लसणीची पाकळी अखंड असते तेव्हा तिला तो झणझणीत वास नसतो. ती ठेचली की दोन वेगळ्या कप्प्यांतले पदार्थ एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. जखम झाल्याबरोबर शस्त्र उपसावं, तसंच हे.

म्हणजे वनस्पतींमध्ये बुरशी मारणारे पदार्थ असतात ही काही श्रद्धेची गोष्ट नव्हे. ते असायलाच हवेत, नाहीतर झाडं टिकली नसती. ओव्याच्या तेलातलं थायमॉल, ज्याला आपण ओव्याचं फूल म्हणतो, जुन्या दप्तरखान्यांत बुरशी लागलेल्या कागदांना धुरी देण्यासाठी वापरलं जाई. अडचण वेगळीच आहे. झाड ते रसायन स्वतःसाठी बनवतं, त्याच्या प्रमाणात, त्याच्या हंगामात. आपल्या मांडीवरच्या गजकर्णाशी त्याचा काही करार झालेला नसतो.

पेट्री डिशमधलं स्वच्छ वर्तुळ

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी मी आजीच्या डब्यातलं टाकळ्याचं बी प्रयोगशाळेत नेलं. भरड दळलं, अल्कोहोलमध्ये दोन दिवस भिजवलं, गाळलं, आटवलं. हा झाला अर्क. मग काचेच्या बशीत आगर ओतून थिजवला, त्यावर बुरशीचे बीजाणू पसरले, मधे छोटं भोक पाडून त्यात अर्काचे थेंब टाकले आणि बशी उबदार पेटीत ठेवली. चार दिवसांनी पाहिलं तर सगळ्या बशीवर पांढरी कापसासारखी बुरशी आणि भोकाभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ. त्या वर्तुळात बुरशी उगवलीच नव्हती. मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी बशी उजेडात धरली आणि एकच प्रश्न विचारला, "नुसतं अल्कोहोल टाकलेली बशी कुठंय?"

ती मी लावलीच नव्हती. पुन्हा चार दिवस. यावेळी एका भोकात अर्क, एका भोकात नुसतं अल्कोहोल. अल्कोहोलभोवतीही वर्तुळ उमटलं, अर्काभोवतीच्या वर्तुळापेक्षा जरा लहान. म्हणजे माझ्या पहिल्या बशीत दिसलेल्या यशाचा मोठा वाटा टाकळ्याचा नसून अल्कोहोलचा होता. हा धडा मी विसरलेलो नाही. 'अमुक वनस्पतीचा अर्क बुरशीवर गुणकारी' अशी बातमी वाचली की आजही मी आधी ती दुसरी बशी शोधतो.

वर्तुळाच्या आकारावरही जाऊ नये. आगरमध्ये बहुतांश पाणीच असतं. जो पदार्थ पाण्यात सहज विरघळतो तो लांब पसरतो आणि वर्तुळ मोठं दिसतं. तेलकट पदार्थ जबरदस्त असला तरी जागेवरच अडकून राहतो. त्यामुळे जाणकार वर्तुळ मोजून थांबत नाहीत, बुरशीची वाढ थांबवायला कमीत कमी किती अर्क लागतो ते काढतात. खरा फरक तिथे दिसतो. कातडीवरच्या साध्या बुरशीला रोखायला टर्बिनाफिन एका मिलिलिटरमध्ये मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास पुरतं. वनस्पतींच्या कच्च्या अर्कांना बऱ्याचदा तिथे शेकडो, कधी हजार-हजार मायक्रोग्रॅम लागतात. याचा अर्थ अर्क निकामी असा नाही. कच्च्या अर्कात शेकडो पदार्थ असतात आणि कामाचा त्यातला एखादाच, तोही चिमूटभर. तो वेगळा काढल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही.

टाकळ्यातला तो पदार्थ वेगळा काढला गेला आहे. १९७०च्या दशकात भारतीय संशोधकांनी दाखवलं की टाकळ्याच्या बियांतला बुरशीमारक घटक म्हणजे क्रायसोफॅनिक आम्लाचा अँथ्रोन. नाव अवघड आहे, पण ते लक्षात ठेवा, कारण हाच रेणू त्याच्या शंभर वर्षं आधी वेगळ्याच वाटेने मुंबईत येऊन गेला होता.

गोवा पावडर

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी भुकटी मिळायची. नायट्यावर रामबाण म्हणून तिची ख्याती होती आणि ती महागही होती. गोव्यातून येते एवढंच लोकांना माहीत होतं, कशाची बनते ते गुपित. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याबद्दल लिहिलं आणि विलायतेतल्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. गुपित फुटलं ते १८७५ च्या सुमारास, तेही गोव्यात नव्हे तर ब्राझीलमध्ये. बाहिया प्रांतातले डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या लक्षात आलं की ही तर आपल्याकडची अरारोबा. तिथल्या जंगलातल्या एका मोठ्या झाडाच्या खोडाच्या पोकळ भेगांत साचणारी ही भुकटी. पोर्तुगीजांची सत्ता एकेकाळी दोन्हीकडे होती, त्यांच्या जहाजांतून ती गोव्यात उतरली आणि गोव्याच्या नावाने हिंदुस्थानात विकली गेली.

या भुकटीचा निम्म्याहून जास्त भाग क्रायसॅरोबिन असतो. आणि क्रायसॅरोबिनचा मुख्य घटक म्हणजे तोच, टाकळ्याच्या बियांत सापडलेला क्रायसोफॅनिक आम्लाचा अँथ्रोन. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ब्राझीलच्या झाडाच्या खोडात जे आहे, तेच आमच्या परसातल्या तणाच्या बियांत. महासागर ओलांडून दाम मोजून जे आणलं जात होतं, ते आजीच्या पत्र्याच्या डब्यातही होतं, फक्त फार थोड्या प्रमाणात.

पुढची हकिगत याहून बोधक आहे. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांना १८७६ मध्ये असं आढळलं की नायटा समजून एका रुग्णाने ही भुकटी लावली होती, पण त्याला नायटा नसून सोरायसिस होता आणि तो त्याने उतरला. क्रायसॅरोबिनचं मलम मग सोरायसिससाठी वापरात आलं. पण ते कातडी भाजायचं, डोळ्यांना लागलं तर डोळे सुजायचे, कपड्यांना आणि कातडीला जांभळट-तपकिरी डाग पडायचे. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोहोचेना, तेव्हा १९१६ मध्ये तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच रेणूत किंचित बदल करून डिथ्रॅनॉल बनवलं. ते अजूनही सोरायसिसवर वापरतात. नायट्यावर मात्र क्रायसॅरोबिन मागे पडलं, कारण कमी जळजळीची आणि जास्त खात्रीची औषधं आली.

म्हणजे चक्रमर्द हे नाव खोटं नव्हतं. त्याच्या बियांत खरोखरच बुरशी मारणारं रसायन आहे. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, हवेत उघडं पडलं की बदलतं, बियांत थोडंच असतं, आणि भरपूर असलं तर कातडी भाजतं. लेप लावून कुणाला उतार पडतो, कुणाला नाही, यामागे एवढी सगळी कारणं आहेत.

बशीतून कातडीपर्यंत

बशीत बुरशी मेली म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. ब्लीच टाकलं तरी ती मरते. कातडीवर पदार्थ टिकायला हवा, मेलेल्या पेशींच्या थरात खोल उतरायला हवा, केसांच्या मुळांपर्यंत जायला हवा, आणि वाटेत आपल्या जिवंत पेशींना इजा करायला नको. नखातली बुरशी तर याहून चिवट. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष. तेवढे दिवस औषध तिथे पोहोचत राहायला हवं.

हळदीचंच पाहा. कुरकुमिन बशीत बुरशीही रोखतं, जिवाणूही, आणि आणखी पन्नास गोष्टी करतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, उजेडात टिकत नाही, रक्तात पोहोचत नाही आणि स्वतः चमकतो, प्रथिनांना चिकटतो, म्हणून प्रयोगशाळेच्या कित्येक चाचण्यांना फसवतो, असं त्यांनी दाखवून दिलं. हळदीवर माझी माया कमी नाही. पण हा आढावा वाचल्यावर 'हळदीत सगळ्यावर उपाय आहे' असं मी म्हणू शकत नाही.

माणसांवर नीट तपासलेल्या वनस्पतींत ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री तेलाचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. पायाच्या बोटांतल्या बुरशीवर १९९२ मध्ये तिथे १०४ रुग्णांवर चाचणी झाली. १० टक्के तेलाचं मलम, टोल्नाफ्टेट हे औषध आणि काहीच औषध नसलेलं मलम अशा तिघांची तुलना होती. तेलाने खाज आणि खवले टोल्नाफ्टेटइतकेच कमी झाले, पण बुरशी नाहीशी होण्याचं प्रमाण बिनऔषधाच्या मलमाहून फारसं वेगळं आलं नाही. खाज थांबली, बुरशी तिथेच. हे ध्यानात ठेवा, घरगुती उपायांबाबत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. २००२ मध्ये १५८ रुग्णांवर याहून जहाल, २५ आणि ५० टक्क्यांचं द्रावण तपासलं. यावेळी ५० टक्क्यांच्या गटात ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, बिनऔषधाच्या गटात ३१ टक्के. तेल लावणाऱ्या चार जणांची कातडी मात्र बऱ्यापैकी भाजून निघाली. तर तेलात दम आहे, तो ठरावीक ताकदीला दिसतो आणि त्याची किंमतही मोजावी लागते. आणि बिनऔषधाच्या गटातही ३१ टक्के लोक बरे झाले, ही गोष्ट 'माझ्या मामाला तर उतार पडला' असं म्हणण्यापूर्वी आठवायला हवी.

लसणीतून निघणाऱ्या अ‍ॅजोईनवर व्हेनेझुएलात काम झालं. ०.४ टक्के मलमाने ३४ पैकी २७ रुग्ण सात दिवसांत बरे झाल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. आकडा आशा वाटावी असा आहे, पण रुग्ण थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. कच्ची लसूण वाटून कातडीवर बांधून ठेवणं हा मात्र निराळा प्रकार. त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

टाकळ्याचाच भाऊबंद असलेला दादमर्दन, मोठ्या पानांचा आणि मेणबत्तीसारख्या पिवळ्या तुऱ्यांचा, मूळचा अमेरिका खंडातला. फिलिपीन्समध्ये त्याला अकापुल्को म्हणतात. तिथल्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या दहा औषधी वनस्पतींत तो आहे आणि त्याचा साबण, लोशन तिथे सर्रास मिळतं. त्याच्या पानांतही याच कुळातली रसायनं. टाकळ्यावर आपल्याकडे अशा धीराने काम व्हावं असं मला फार वाटतं.

जी झाडं दवाखान्यापर्यंत पोहोचली

आपल्याला कल्पना नसते, पण गल्लीतल्या औषधाच्या दुकानात झाडांची मुलं बसलेली असतात. व्हिटफील्डचं मलम घ्या. १९०७ मध्ये आर्थर व्हिटफील्ड यांनी सुचवलेलं, ६ टक्के बेन्झॉइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल. बेन्झॉइक आम्ल पहिल्यांदा मिळालं ते उदापासून, तोच ऊद जो आपण संध्याकाळी धुपाटण्यात घालतो. सॅलिसिलिकचं नाव विलो या झाडाच्या लॅटिन नावावरून पडलं. एक बुरशीला रोखतं, दुसरं मेलेली कातडी सोलवटून काढतं, म्हणजे तिचं अन्नच काढून घेतं. शंभर वर्षांहून जुनं, अतिशय स्वस्त.

दुसरं अंडेसिलेनिक आम्ल. एरंडेल तेल खूप तापवून फोडलं की ते मिळतं. पायाच्या बुरशीवरच्या पावडरींत आणि मलमांत ते कित्येक दशकं वापरात आहे. एरंडी पिकवण्यात भारत जगात पहिला. पण घरातलं एरंडेल चोळून ते आम्ल मिळत नाही. त्याला भट्टी लागते.

पोटातून घ्यायच्या किंवा शिरेतून द्यायच्या प्रमाण बुरशीनाशकांत थेट झाडापासून आलेलं एकही नाही. ती आली माती आणि बुरशीतून, नाहीतर रसायनशाळेतून. अ‍ॅम्फोटेरिसिन मातीतल्या जिवाणूपासून, ग्रिसिओफल्विन पेनिसिलियम बुरशीपासून. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन शोधलं. त्या जिवाणूच्या नावातच 'पिंप्रिना' आहे.

कडुनिंबाची गोष्ट शेतातल्या बुरशीची, पण ती सांगायलाच हवी. १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने निंबोळी तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं पेटंट एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकी कृषी खात्याला दिलं. त्याला आव्हान मिळालं तेव्हा पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष निर्णायक ठरली. १९८५-८६ मध्येच पुणे आणि सांगली जिल्ह्यांत निंबोळी अर्काच्या शेतचाचण्या झाल्याचं त्यांनी सांगितलं. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. नुसतं 'आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं' एवढ्यावर हे घडलं नाही. आपल्या शिवारात, आपल्या माणसांनी, तारीख-वार घालून केलेल्या चाचण्या तिथे उपयोगी आल्या.

आजचं गजकर्ण वेगळं आहे

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्ण हट्टी झालं आहे. पूर्वी पंधरा दिवसांच्या मलमाने जायचं, आता महिनोन्‌महिने घरभर फिरतं. यामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, त्यातला 'इंडो' म्हणजे आपणच. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) ते बसायचं त्याची बैठकच बदलली आहे. न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

डॉक्टर यासाठी एका सवयीकडे बोट दाखवतात. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेलं, स्टेरॉइड, जिवाणूनाशक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेलं मलम. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबतं आणि बुरशी खाली मोकळेपणी पसरते. मलम थांबवलं की दुप्पट उसळते. कातडी पातळ पडते, मांडीवर पांढरट चिरा उमटतात, त्या जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मिळतात. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या डब्यांतसुद्धा स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. जे मलम दोन दिवसांत जादू करतं, त्याचा आधी संशय घ्या.

आणि इथेच वनस्पतींची खरी गरज पुढे येते. जुनी औषधं थकली आहेत, घाव घालायला नव्या जागा हव्या आहेत. दारुहळदीतलं बर्बेरिन फ्लुकोनाझोलच्या जोडीला दिलं तर प्रयोगशाळेत कॅन्डिडावर दोघांचा मिळून परिणाम वाढतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात १९ नावं आहेत. या लढाईत झाडांनी कोट्यवधी वर्षं जमवलेलं रसायनांचं भांडार बंद ठेवणं परवडणारं नाही. मात्र ते उघडायचं तर दुसऱ्या बशीसकट.

घरच्या घरी काय करावं, हे विचारणाऱ्यांसाठी थोडं. बिब्बा आणि रुईचा चीक गजकर्णावर अजिबात लावू नका. बिब्ब्याने उतलेली, फोड आलेली मांडी मी जवळून पाहिली आहे. त्या मुलाला मूळच्या नायट्यापेक्षा औषधाचाच त्रास जास्त झाला. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. चिखल्यांवर मेंदी लावायची आपल्याकडे रीत आहे आणि मेंदीचा रंग केरॅटिनला घट्ट धरतो, तेव्हा पानं वाटून केलेल्या मेंदीला माझी हरकत नाही. पण बाजारातली काळी मेंदी नको, तिच्यातल्या रसायनाने कातडी पेटते. मधुमेह असेल, गर्भारपण असेल, तान्हं बाळ असेल, डोक्यात किंवा नखात बुरशी असेल तर पाल्यावर वेळ घालवू नका. घरात दोघांना झालं असेल तर उपचार दोघांनी एकाच वेळी घ्या. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा.

प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो, हेही सांगतो. तो इसब असेल, सोरायसिस असेल. चट्ट्यावर पीस फिरवलेलं कळत नसेल, तिथे बधिरपणा असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर पूर्ण बरं करणारी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण लेपात महिने घालवले तर नसा कायमच्या जातात.

खात्री करायची तपासणी साधी आहे. कड्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. चिमूटभर धुळीएवढे खवले पुरतात. दहा-वीस मिनिटांत केरॅटिन विरघळून पारदर्शक होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. आधीच काही मलम, लेप किंवा तेल लावलेलं असेल तर हे धागे बऱ्याचदा दिसत नाहीत आणि बुरशी असूनही अहवाल 'नाही' येतो. म्हणून दवाखान्यात जाताना काय काय लावलं ते सगळं सांगा, मलमाची ट्यूब सोबत न्या, टाकळ्याचं बी वाटून लावलं असेल तर तेही न लाजता सांगा.